प्रास्ताविकापर्यंतचा दात

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सौंसर.

ही डायरी बँकेने जानेवारीत दिली होती. दहा महिने ती टीव्हीच्या मागे उभी होती. आज काढली, कारण पुंडलिकरावांनी मला एक काम दिलं आहे आणि त्यासाठी लिहिण्याचा हात बसायला हवा.

आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय सुरू होत आहे. २६ तारखेला, संविधान दिनी, उद्घाटन. पुंडलिकराव समितीचे अध्यक्ष. काल त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं की प्रास्ताविक गुणवंता सोमकुवर करतील. मी मागे वळून पाहिलं, या नावाचा दुसरा कोणी बसला आहे की काय. नव्हता.

तहसील कार्यालयात मी चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेल्या कागदावर नंबर टाकला, गेलेल्या कागदावर नंबर टाकला. एवढ्या वर्षांत माईकवर एक शब्द बोललो नाही. एका छब्बीस जानेवारीला माईक हातात होता, पण तो दुसऱ्याच्या तोंडासमोर धरायचा होता.

अडचण एकच आहे. वरचा समोरचा दात ठणकतो आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, आजच काढून टाकू. मी सत्तावीस तारीख मागितली. समोर खिंडार घेऊन प्रास्ताविक करता येत नाही. मेडिकलवाल्या भूपेंद्रकडून दाताच्या गोळ्या आणल्या. पाकीट देताना तो म्हणाला, "काका, या गोळीसंगं तापाची गोळी घेऊ नका बरं." मला ताप नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पांढुर्ण्याला जाऊन आलो. निमंत्रणपत्रिका छापायला टाकल्या. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी वाचनालयाला पुस्तकं दिली, तीन गठ्ठे. ते मी एकट्याने उचलून बसमध्ये चढवले. दोन गठ्ठ्यांपर्यंत कंबर माझ्या बाजूने होती.

स्टँडजवळच्या मेडिकलमधून कमरेच्या गोळ्या घेतल्या. माणूस जबाबदार वाटला. त्याने पक्कं बिल दिलं आणि विचारलं, और कोई दवाई चल रही है क्या. मी म्हटलं, कमर की नहीं. कमरेसाठी दुसरं काहीही चालू नव्हतं, हे खरंच होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घरातल्या गोळ्यांना शिस्त लावली. आमच्याकडे सगळ्या गोळ्या एका पिशवीत असतात. कुठली पट्टी अर्धी कापलेली, कुठलीचं नाव कापून गेलेलं, कुठली आमचा मुलगा राहुल नागपूरहून येतो तेव्हा विसरून गेलेला. मी चार रिकाम्या बरण्या घेतल्या, धुऊन उन्हात वाळवल्या, सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून काढून आपापल्या जागी भरल्या आणि चिठ्ठ्या डकवल्या: दात, कंबर, ताप, सर्दी. सर्दीच्या किराणा दुकानातून आलेल्या आहेत. तापाच्या राहुलच्या.

मंगला बघत उभी होती. "गोळीचं नाव काहून नाही लिहिलं?" म्हणाली. मी म्हटलं, दुखतं तेव्हा माणसाला गोळीचं नाव आठवतं की दुखणं आठवतं? तिने पट्ट्यांच्या पन्न्या ठेवून द्यायला सांगितलं. मी त्या चुलीत टाकल्या. बायको आठवीपर्यंत शिकली आहे, फायलिंगचा तिला अनुभव नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्दी झाली. रात्रीपासून तापही आहे. पुस्तकांवरची धूळ नाकात गेली असणार. बरण्या अगदी वेळेवर तयार झाल्या.

तक्ता केला आणि कपाटाच्या आतून चिकटवला. दाताच्या दिवसाला पाच, कमरेच्या तीन, तापाच्या चार, सर्दीच्या तीन. एकाही बरणीतून मी ठरलेल्यापेक्षा जास्त घेत नाही. एका शाखेचा कागद दुसऱ्या शाखेत जाऊ द्यायचा नाही, हा नियम मी नोकरीत कधी मोडला नाही आणि आता निवृत्तीत मोडण्याचं कारण नाही.

दातामुळे चावता येत नाही. भाताची पेज घेतो, तीही अर्धी वाटी. मंगला सारखी मागे लागली आहे, "तुम्ही जेवून काहून नाही राहिले?" प्रास्ताविकाचा विचार चालू असताना भूक लागत नाही, असं सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्कूटर घेणार म्हणालो तेव्हा पाहिलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पुंडलिकराव येऊन गेले. सूत्रसंचालक माझी ओळख कशी करून देणार, ते त्यांनी वाचून दाखवलं: "सासूच्या सेवेसाठी बढतीवर पाणी सोडणारे गुणवंताजी." मंगला चहा घेऊन आली होती. तिने डोळ्याला पदर लावला.

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. २०११ मध्ये छिंदवाड्याला मोठ्या बाबूची जागा निघाली. माझं नाव यादीत येणार असं सगळे म्हणत होते. आलं नाही. माझ्यापेक्षा सहा वर्षं मागून लागलेल्याचं आलं. घरी आलो तर सासूबाई अर्धांगवायूने पडलेल्या, मंगला त्यांना भरवत होती. तिने विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं की मीच नाही म्हटलं, यांना अशा सोडून कुठे जाऊ. एवढंच. पुढचं सगळं मंगलाने केलं. भावांना सांगितलं, शेजारी सांगितलं, राहुलच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. सासूबाई गेल्या त्या दिवशी तिने सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

चौदा वर्षं झाली. आता सांगून काय उपयोग, असं मी दर वर्षी म्हणतो. बुधवारी ते माईकवर म्हटलं जाईल आणि मला त्याच्यानंतर उठून बोलायचं आहे. प्रास्ताविक चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. हा ताप त्याचाच असेल तर गोळीने जाणार नाही.

गोळ्या: दात पाच, कंबर तीन, ताप चार, सर्दी तीन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ओकारी झाली. दुपारी पुन्हा दोनदा. अंगाला दरदरून घाम सुटला, बनियन पिळून निघालं. पेजेचा वाससुद्धा नको झाला. शेजारच्या सुखदेवने त्याच्या बगिच्यातली संत्री दिली होती, त्यातलं एक काल रिकाम्या पोटी खाल्लं. आंबट निघालं असणार.

मंगलाला सांगितलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून ठेवला, म्हणजे आवाज जात नाही. सांगितलं असतं तर तिने राहुलला फोन केला असता, राहुल गाडी घेऊन आला असता, आणि परवा प्रास्ताविक दुसऱ्या कोणी केलं असतं. बनियन मीच धुऊन वाळत घातलं. तिने विचारलं, आज सूर्य कुठून उगवला?

ओकारीत दुपारच्या गोळ्या पडल्या असाव्यात, म्हणून तेवढ्या परत घेतल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकदम बरं वाटतं आहे. मळमळ नाही, घाम नाही, तापही उतरला. जे काही होतं ते बाहेर पडलं. सकाळी एक वाटी पेज पूर्ण घेतली, मंगला खूश झाली. माणसाने थोडी कळ काढली की शरीर आपोआप मार्गावर येतं. हे लोकांना कळत नाही, उठले की दवाखान्यात धावतात.

दुपारी विहारात खुर्च्या मोजल्या. प्रास्ताविक तयार आहे, तीन पानं. घड्याळ लावून वाचलं, आठ मिनिटं. उद्या काही नको व्हायला, म्हणून चारही बरण्यांच्या गोळ्या वेळेवर घेतल्या, एकही चुकवली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बोललो.

सकाळपासून उजव्या बरगडीखाली दुखतं आहे, दाबलं की जास्त. गठ्ठे त्याच बाजूने उचलले होते. ते कमरेच्याच हद्दीत येतं असं धरून कमरेची एक गोळी जादा घेतली. लघवी काळ्या चहासारखी झाली आहे. पाणी कमी प्यायल्यामुळे.

माझी ओळख करून दिली, त्या शब्दांतच. मी खाली पाहिलं. मग उठलो, माईकसमोर गेलो आणि पहिलं पान वाचायला लागल्यावर भीती गेली. आवाज चांगला लागला. दुसऱ्या पानावर मध्येच टाळ्या पडल्या. मी थांबलो, नमस्कार केला आणि पुढे वाचलं. थोड्या वेळाने परत टाळ्या. पुंडलिकराव तर खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी आले आणि खांद्यावर हात ठेवून शेवटपर्यंत उभे राहिले. असा मान मला आजवर कोणी दिला नव्हता.

मंगला पहिल्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, नुसती बघत होती. तिला भरून आलं असावं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज दात काढायचा आहे. झोप फार येते. मंगलाने हाताला धरून खिडकीत उभं केलं आणि डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पिवळे आहेत म्हणते. सुखदेवलाही बोलावून दाखवले. तो म्हणाला, कावीळ आहे, वरच्या गावात एक जण झाडपाला देतो, पण फक्त रविवारी. मी चाळीस वर्षांत असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नाही. पण रविवारला अजून वेळ आहे, तोपर्यंत विचार करता येईल.

मंगला सुखदेवला म्हणाली, "रविवारपर्यंत हे राह्यले पाह्यजे ना, भाऊ."

दातांच्या डॉक्टरकडे कधी जायचं ते मंगलाला विचारलं. ती म्हणते मी हे तीनदा विचारलं. मी एकदाच विचारलं. ती चार बरण्या पिशवीत भरते आहे. बरण्या दवाखान्यात नेतात का? डायरीही मागते आहे. म्हणते, तुम्ही याच्यात सगळं लिहिता.

दातांच्या डॉक्टरकडे कधी जायचं, ते मंगलाला विचारलं पाहिजे.

२ डिसेंबर, मंगळवार. नागपूर.

मधल्या दिवसांत मी काही लिहिलं नाही. दवाखान्यात आहे. हाताला सुई आहे, म्हणून अक्षर असं. काही मला आठवतं, बाकीचं राहुलने सांगितलं.

गुरुवारी आधी सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, कौन-कौन सी दवा ली? मी म्हणे उत्तर दिलं, सब की एक-एक. मंगलाने चार बरण्या टेबलावर मांडल्या. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या, दात, कंबर, ताप, सर्दी, आणि विचारलं की औषधाची नावं काय. ती कुठेच नव्हती. मंगलाने भूपेंद्रला फोन लावला, मग किराणावाल्याला, मग राहुलला. पांढुर्ण्याचं बिल माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. बाईंनी कागदावर चार नावं लिहिली, प्रत्येकाच्या पुढे आत काय आहे ते लिहिलं आणि चारही ठिकाणी एकाच शब्दाखाली रेघ मारली. पॅरासिटामॉल.

"अंकल, डिब्बे चार हैं, दवा एक है," त्या म्हणाल्या.

दोन बरण्यांत त्याच्या जोडीला आणखीही काही होतं, असं मी आज इथल्या मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, होतं ना, पोट आणि किडनी बिघडवायला. मग मी पुढे काही लक्षात आणून दिलं नाही.

त्यांनी समजावून सांगितलं ते लिहून ठेवतो. हे औषध दुखण्याला चांगलं, तापाला चांगलं, घरोघरी असतं. पण दिवसाला जेवढं चालतं त्याच्या जवळपास दुप्पट मी पाच-सहा दिवस घेतलं, तेही उपाशी पोटी. जादा झालं की ते यकृत जाळतं. सोमवारची ओकारी आणि घाम ही पहिली खूण होती. कधीकधी तेवढीही होत नाही. मंगळवारी बरं वाटलं, तो माझा सगळ्यात वाईट दिवस होता, कारण तेव्हा आत यकृत मरत होतं आणि बाहेर मी खुर्च्या मोजत होतो. बुधवारची उजव्या बरगडीखालची कळ, काळी लघवी, मग पिवळे डोळे, मग तेच तेच विचारणं, हे सगळं एकाच रांगेतलं. याच्यावर उतारा असतो, सलाईनमधून देतात. तो पहिल्या काही तासांत दिला तर बहुतेक माणूस सहज सुटतो. मला तो चौथ्या दिवशी मिळाला. मी विचारलं, सोमवारी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सोमवारी फक्त संशय आला असता तरी यायला पाहिजे होतं, बरं वाटत असलं तरी.

चार दिवस ते रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजत होते. दुसऱ्याचं यकृत बसवावं लागेल का, हे बोलणं बाहेर राहुलशी झालं. त्याने स्वतःचं देतो म्हणून सांगितलं होतं. काल आकडे वळले. लागणार नाही.

त्या दिवसांत मी घाबरलो नव्हतो, कारण मला कळतच नव्हतं. आज कळलं. दुपारपासून मी घाबरलो आहे, राहुल पाणी घेऊन आला तेव्हा माझ्याच्याने त्याच्याकडे पाहवलं नाही.

संध्याकाळी त्याने फोनवर प्रास्ताविकाचा व्हिडिओ दाखवला. मी दुसरं पान तीनदा वाचलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते, मी खाली बसावं म्हणून. पुंडलिकरावांनी खांदा धरला होता, मी पडू नये म्हणून. तिसरं पान वाचलंच नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार. सौंसर.

काल घरी आलो. महिनाभर विश्रांती आणि दर आठवड्याला रक्ताची तपासणी. कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दुपारी भूपेंद्र भेटायला आला होता. त्याची चूक नसताना तोच ओशाळून बसला होता. त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे मी मंगलासमोर कबूल केलं.

तो गेल्यावर डायरी चाळली. २९ नोव्हेंबरच्या कोऱ्या पानावर मंगलाच्या अक्षरात एक तक्ता आहे. नागपूरच्या डॉक्टरांना हवं होतं, किती गोळ्या, कधीपासून, त्रास केव्हा सुरू झाला. मी सांगण्याच्या अवस्थेत नव्हतो. तिने रात्रभर खुर्चीत बसून डायरीतून काढलं, असं राहुल म्हणाला होता. तेव्हा मी त्याच्यावर फार विचार केला नव्हता. १४ तारखेपासून २७ पर्यंत एकेक ओळ, पुढे आकडे. न लिहिलेल्या दिवसांपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं आहे. २४ च्या पुढे "ओकारी ३, घाम, नळ" आणि खाली दोनदा रेघ. तक्ता बरोबर आहे. मी तपासला, एका ठिकाणीही चूक नाही. डॉक्टर म्हणाले होते की औषधाचा हिशेब त्यावरूनच लागला.

डायरी मिटली. मग उठून मागच्या ओसरीवर गेलो. मंगला मेथी निवडत होती. मी विचारलं, डायरी वाचलीस का.

"गोळ्याईपुरतीच वाचली," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मग तिनेच विचारलं, "नळ सोडून ओकले, मले काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, तू प्रास्ताविकाला जाऊ दिलं नसतंस.

"नसतंच जाऊ देलं," ती म्हणाली, आणि निवडत राहिली.

गोळ्या प्रत्येक पानावर आहेत. तेवीस तारखेच्या पानावर त्या बढतीच्या गोष्टीखाली, अगदी शेवटच्या ओळीत आहेत. मी तिच्या बाजूला बसलो आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. तिने ती ओढू दिली.